पहाटेचा मिस कॉल
(अनसिंग येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं मात्र मला नोकरीत भेटत गेली आणि ती सगळीच्या सगळी पहाटे उठणारी निघाली. एकानं मला सांगितलं होतं, गुरुजी पोराला कधी 'ऊठ' म्हणत नसत, त्याच्या घरावरून जाताना नुसते खाकरत. तेवढ्यावर पोरगं बाहेर येई. आज मला जे सांगायचं आहे ते त्या खाकरण्याच्या फार जवळचं आहे.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना शिकवलं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग शेक म्हणजे रेडिएशन, आणि नंतर रोजची गोळी. हे सगळं मी उघड सांगते, कारण आपल्याकडे या आजाराचं नाव कोणी मोठ्यानं घेत नाही. 'तिला ते झालं' म्हणतात आणि आवाज खाली जातो. अनसिंगसारख्या मोठ्या गावात, वाशीम-पुसद रस्त्यावरच्या या बाजाराच्या ठिकाणी, आज या मांडवात 'ते' झालेली माणसं नक्की बसलेली आहेत. कोणी हात वर करायचा नाही. मी माझा वर केला, तेवढा पुरे.

रुग्णालयातून सोडताना मला एक कागद मिळाला. त्यावर हात वर करणाऱ्या बाईची सहा चित्रं होती आणि खाली इंग्रजी मजकूर. मी शिकलेली, मला तो वाचता आला. घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तो तिथंच राहिला. हात उचलायचा म्हटलं की काखेत दोरी ताणल्यासारखं व्हायचं. टाके उसवतील अशी भीती वाटायची. घरच्यांनाही तीच भीती. मग हात पोटाशी धरून बसायचं.

शेक घेण्याचे दिवस आम्ही एका धर्मशाळेत काढत होतो. तिथं पुसदकडची एक बाई होती, शेतमजुरी करणारी, सही करण्यापुरती शिकलेली. तिची शस्त्रक्रिया माझ्या दोन महिने आधी झालेली. तिनं माझा पोटाशी धरलेला हात पाहिला आणि म्हणाली, "काऊन धरून बसली वो बाई? सोड त्याले. नाहीतर तसाच वाळून जाईन." तिनं मला उठवून भिंतीशी उभं केलं. बोटं भिंतीवर ठेवायची आणि कोळी चढतो तशी एकेक बोट करत वर न्यायची. जिथं ओढ बसेल तिथं थांबायचं, दहा आकडे मोजायचे, खाली यायचं. बोटं पोचली तिथं तिनं पेन्सिलीनं एक रेघ मारली. त्या भिंतीवर अशा बऱ्याच रेघा होत्या. तिच्या स्वतःच्या अलीकडच्या रेघा माझ्या रेघेच्या हातभर वर होत्या आणि सगळ्यात खालची माझ्या रेघेच्याही खाली होती. ती तिनं बोट ठेवून दाखवली. "हे माही पहिल्या दिवसाची."

त्या एका रेघेनं माझ्यावर जो परिणाम केला, तो सहा चित्रांच्या कागदानं केला नव्हता. स्तनाचा शेक देताना हात डोक्यावर घेऊन निश्चल पडून राहावं लागतं. ज्या बाईचा हात वर जात नाही, तिचा शेकच अडतो. म्हणजे भिंतीवर बोटं चढवणं हा हौसेचा भाग नव्हता, उपचारातच तो धरलेला होता. हे त्या कागदावर कुठं तरी लिहिलेलं असेलही.

आता आपण घरात शिरू. घरी आल्यावर सगळे माझ्यावर तुटून पडले, प्रेमानं. पाण्याचा तांब्या उचलू देईनात. 'आराम कर' हा आपल्याकडचा मायेचा सगळ्यात मोठा शब्द. आजारी माणसाला काम सांगणारं घर वाईट आणि खाटेवर बसवून हातात ताट देणारं घर चांगलं, असं आपण मानतो. मला त्या मायेबद्दल तक्रार करायची नाही, ती नसती तर मी आज इथं नसते. पण शरीराचा हिशेब वेगळा असतो. जो स्नायू वापरला नाही तो झिजतो आणि आजारपणात फार लवकर झिजतो. मग चार पावलांत दम लागतो, दम लागतो म्हणून बसायचं आणि बसलं म्हणून आणखी झिजायचं. केमो घेतलेल्यांना ठाऊक आहे तो थकवा. आपल्याकडे त्याला 'हातपाय गळणं' म्हणतात. तो झोपून जात नाही. रात्रभर झोपा, सकाळी तो उशाशी बसलेलाच असतो.

पूर्वी डॉक्टरसुद्धा आरामच सांगत. हृदयविकारातही तेच होतं. झटका आलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे पाठीवर निजवून ठेवत. आज त्याला दोन-तीन दिवसांत उठवून चालवतात. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. ते पुस्तक वाचून किती तरी माणसं पहाटे फिरायला लागली. हृदयविकारात हे घडलं, तसं कर्करोगात आपल्याकडे अजून व्हायचं आहे. बाहेरच्या जगात त्याची सुरुवात १९८० च्या दशकात झाली आणि ती केली परिचारिकांनी, याचा मला फार आनंद वाटतो. अमेरिकेत ओहायो इथं मॅरिल विनिंगहॅम आणि तिच्या सहकारी परिचारिकांनी केमो चालू असलेल्या स्त्रियांना एका जागी उभ्या सायकलवर बसवलं आणि बेतानं पायडल मारायला लावलं. त्या स्त्रिया गळून पडल्या नाहीत, त्यांची ताकद वाढली.

त्यानंतर अभ्यासांची रीघ लागली. २०१७ मध्ये ११३ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यांत साडेअकरा हजार रुग्ण होते. कर्करोगाच्या थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम आणि मानसिक आधार जास्त उपयोगी पडतो, असं त्यातून निघालं. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं स्तनाचा कर्करोग झालेल्या ८५० स्त्रियांवर योगाची चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडले. आसनं सौम्य, मध्ये मध्ये विसावा, सोबत प्राणायाम. त्या स्त्रियांचं रोजचं जगणं सुधारलं. वाकून डोकं गुडघ्याला लावणारा योग तो नव्हता. आजारी बाईला झेपेल असा बेतलेला होता.

पण मला आज ज्या अभ्यासाजवळ थांबायचं आहे तो २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याचा कर्करोग, शस्त्रक्रिया झालेली, केमो संपलेली. असे ८८९ रुग्ण, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. दोन्ही गटांना पुस्तिका दिली: व्यायाम करा, नीट खा. एका गटाला तेवढीच. दुसऱ्या गटाला पुस्तिकेबरोबर एक माणूस दिला. तो पहिलं वर्षभर दर पंधरवड्याला आणि पुढची दोन वर्षं दर महिन्याला त्यांना गाठायचा. किती चाललात, का चुकलं, गुडघा दुखतो तर काय करू, पावसात कुठं चालू, असं त्यांच्याशी बोलायचा. त्यांनी आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालण्याइतकी भर आपल्या दिवसात घालावी, एवढंच उद्दिष्ट होतं.

आठ वर्षांनी काय दिसलं? नुसती पुस्तिका मिळालेल्या गटातले १०० पैकी ८३ जण जिवंत होते. माणूस मिळालेल्या गटातले ९०. आजार उलटण्याचं प्रमाणही या गटात कमी. शंभरात सात माणसं म्हणजे काय, हे ज्या घरातून एक गेलं आहे त्या घराला विचारा. एखाद्या महागड्या औषधानं एवढं केलं असतं तर त्याच्या जाहिरातींनी रस्ते भरले असते.

इथं मी दोन गोष्टी स्पष्ट सांगते, म्हणजे कोणाची फसगत होणार नाही. हा अभ्यास एका प्रकारच्या कर्करोगाचा आहे, तो सगळ्या कर्करोगांना जसाच्या तसा लावता येणार नाही. आणि त्या सगळ्या माणसांनी आधी शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि केमोही घेतली होती. चालण्यानं गाठ विरघळत नाही. कोणी औषध सोडून चालायला लागला तर ते माझं बोलणं ऐकून झालं, असं होऊ देऊ नका.

आता त्या दोन गटांकडे पुन्हा पाहा. पुस्तिका दोघांकडेही होती. माझ्या पर्समधला कागद आणि माझी पुसदची मैत्रीण, हाच तो फरक. तिकडे तो आठ वर्षं मोजला गेला.

त्या अभ्यासातला माणूस पगारी होता, शिकलेला होता. तसा माणूस अनसिंगला कुठून आणायचा? इथून अकोला शंभरेक किलोमीटर, नागपूर अडीचशेच्या आसपास. उपचारांना आपण तिकडे जातोच. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं रुग्णालय आहे, अकोल्याला आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. पण 'आज चाललीस का?' हे विचारायला अडीचशे किलोमीटरवरून कोणी येणार नाही. ते विचारणारं माणूस गल्लीतलंच लागेल. आणि माझं म्हणणं असं की ते माणूस गावात असतंच. ज्याला दोन वर्षांपूर्वी हाच आजार झाला आणि जो त्यातून उठला, तो.

ही माझ्या मनची गोष्ट नाही. अमेरिकेत १९५२ मध्ये तेरीस लॅसर नावाच्या बाईनं, स्वतःची शस्त्रक्रिया झाल्यावर, दुसऱ्या बायकांच्या खाटेशी जाऊन बसायला सुरुवात केली. त्यातून स्वयंसेविकांची मोठी चळवळ उभी राहिली. पुढं बर्नार्डिन पिंटो या संशोधक बाईंनी त्या चळवळीतल्या, आजारातून गेलेल्या स्वयंसेविकांना व्यायामाबद्दल बोलायचं कसं, ते शिकवलं. त्या स्वयंसेविकांनी ७६ जणींना फोनवरून बारा आठवडे साथ दिली. त्यांतल्या ज्यांना व्यायामाची साथ मिळाली त्यांचा व्यायाम वाढला आणि फोन थांबल्यावर, चोविसाव्या आठवड्यातही, तो पुष्कळसा टिकून होता. ही गोष्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. फोनवरून, हे लक्षात ठेवा. त्याकडे मी परत येणार आहे.

त्याहून मला आवडते ती कॅनडातल्या व्हँकुव्हरची गोष्ट. काखेतल्या गाठी काढलेल्या बाईनं त्या हातानं जोराचं काम करायचं नाही, नाहीतर हात सुजेल, असं तेव्हा सगळे डॉक्टर सांगत. डॉन मॅकेन्झी या डॉक्टरला ते पटत नव्हतं. १९९६ मध्ये त्यानं स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या २४ बायका एका लांब नावेत बसवल्या आणि वल्ही मारायला लावली. हातानं करायचं याहून जोराचं काम कोणतं! कोणाचा हात बिघडला नाही. आणि त्या बायकांनी नाव सोडली नाही. आज जगभर अशा नावा आहेत. नावेत एक गंमत असते, एकटीला थांबता येत नाही. पुढची वल्हं मारते म्हणून मागचीला मारावंच लागतं.

मग २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी हात आधीच सुजलेल्या १४१ बायकांवर वजनं उचलण्याचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, अगदी हलक्या वजनापासून हळूहळू वर, पहिले तेरा आठवडे शिकवणाऱ्यांच्या नजरेखाली. वर्षभरानं पाहिलं तर वजन उचलणाऱ्यांत सूज एकदम वाढण्याचे प्रसंग १०० पैकी १४ जणींना आले, न उचलणाऱ्यांत २९ जणींना.

हे ऐकून एखादी म्हणेल, मग आम्ही घागरी उचलतोच की. कायले वेगळा व्यायाम? हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात आणि तो फार रास्त आहे. जन्मभर शेतात राबलेल्या बाईला 'व्यायाम कर' म्हणणं तिला टोचतं. वऱ्हाडात व्यायाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तालीम येते, मल्लखांब येतो, १९१४ मध्ये स्थापन झालेलं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ येतं, ज्याच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले खेळ जगाला दाखवले. व्यायाम हा धट्ट्याकट्ट्या पोरांचा, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. आजारी बाईचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध असा. शेतातलं काम तुमच्या ताकदीप्रमाणे थांबत नाही. सोयाबीनची सोंगणी आली की पाऊस यायच्या आत ती उरकायची असते. कापूस वेचायचा तर ओटी भरेपर्यंत वेचायचा. तिथं आज दहा आकडे, उद्या बारा, असं काही नसतं. पहिल्याच दिवशी शंभर असतं. वाकून तोच हात तासन्‌तास चालतो, छाती आणि पाय तसेच आखडलेले राहतात. शिवाय विळा लागतो, तुरीची खुंटं टोचतात. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला एवढासा ओरखडाही महागात पडतो. जंतू शिरले की हात लाल होतो, ताप भरतो, सूज कायमची बसू शकते. व्यायामात तुम्ही मालक असता, कामात काम मालक असतं. घागर उचलायला बंदी नाही. आज तांब्या, पुढच्या आठवड्यात कळशी, असं चढत घागरीपर्यंत जायचं, एवढंच. आणि शेतात जाताना त्या हातात जाड मोजा घालायचा.

दुसरी अडचण मोठी आहे, लाजेची. केस गेलेले, अंगावरचा पदर सरळ बसत नाही, चालताना दम लागतो. अशा अवस्थेत गावच्या रस्त्यावरून नुसतं चालायचं, हातात ना कळशी ना टोपलं. लोक विचारणार, कुठं चालल्या? आपल्या गावात बाई कामाशिवाय चालत नाही. एकटी तर नाहीच. मी शिक्षिका असूनही पहिले पंधरा दिवस हातात रिकामी पिशवी घेऊन निघत होते, किराण्याला चालल्यासारखी.

पुरुषांचं दुःख वेगळं आहे आणि त्यांच्याबद्दल बोललं जात नाही. आपल्या विदर्भात खर्रा कसा घोटला जातो ते मी सांगायला नको. तोंडाचा कर्करोग आपल्या तरण्या पुरुषांना खातो आहे. शस्त्रक्रियेत जबडा जातो, गालाची कातडी छातीवरून आणून लावलेली असते, मानेतल्या गाठी काढताना खांद्याची शीर दुखावते आणि खांदा खाली लोंबतो. शेक दिल्यावर तोंड उघडेनासं होतं. मग भाकर सुटते. त्याच्यावरही व्यायाम आहेत. खांद्याची ताकद हळूहळू वाढवत नेली तर दुखणं कमी होतं, हे तपासून पाहिलेलं आहे. तोंडासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. तीन बोटं उभी मावली की तोंड पुरेसं उघडलं. किती साधं आहे! पण बोलणं अस्पष्ट झालेला, लाळ पुसत बसणारा गडी पानठेल्यावर जात नाही, पारावर जात नाही, फिजिओथेरपीला तर नाहीच नाही. त्याच्यासमोर जाऊन काड्या कोण धरणार? ज्याच्या स्वतःच्या गालावर तसाच व्रण आहे तो. तो काही बोलला नाही तरी चालतं, नुसता आपल्या काड्या दातांत धरून बसला तरी पुरे.

अशी सोबत आपल्याला परकी नाही. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. दारूतून, गर्दमधून बाहेर आलेली माणसंच तिथं नव्यानं आलेल्यांना सांभाळतात. त्या माणसाला फसवता येत नाही, कारण तो सगळे बहाणे स्वतः करून आलेला असतो. व्यायाम टाळण्याचे बहाणेही तसेच आहेत आणि ते मला तोंडपाठ आहेत. सुनंदाताई स्वतः १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या. त्यांनी उभी केलेली ही रीत आपण या आजारासाठी वापरावी, असं मला फार वाटतं.

तुकडोजी महाराजांनीही याच आजारात, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, मोझरीला देह ठेवला. त्यांनी प्रार्थना सामुदायिक केली. एकट्यानं घरात बसून प्रार्थना करू नका, असं ते म्हणत नव्हते. पण एकट्याची चार दिवसांत सुटते, हे त्यांना गावोगाव हिंडून कळलेलं असणार. आणि गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून मेडशी, शिरपूर, रिसोड अशी दरवर्षी पंढरपूरला जाते. तिच्यासोबत निघालेल्या म्हाताऱ्या पाहिल्या आहेत ना? एरवी त्या दळण आणायला नातवाला पाठवतात. दिंडीत महिनाभर रोज चालतात. पाय तेच असतात.

मला आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगायचं आहे, कारण त्यासाठीच मी आले.

माझी मैत्रीण तिच्या गावी गेली, मी माझ्या. दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला तिचा मिस कॉल. मी घाबरून उलटा फोन केला. ती म्हणाली, "फोन कायले केला? पैसे कायले घालवतं? मी निंगाली फिराले, हे सांगाले वाजवला. तूही निंगाली की वाजवजो." बस. तेव्हापासून रोज पहाटे एक घंटी तिची, एक माझी. ज्या दिवशी माझी गेली नाही त्या दिवशी सहा वाजता खरा फोन यायचा. "काय झालं माय?" ताप असेल तर ती म्हणायची झोप. आळस असेल तर तिला माझ्या आवाजावरून कळायचं. दोन गावांमधून दोन बाया एकाच वेळी चालत होत्या आणि मला माझ्या रस्त्यावर एकटं वाटत नव्हतं. फोनवरून साथ दिलेल्या त्या ७६ बायकांबद्दल मी पुढं वाचलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. पुसदच्या शेतमजूर बाईला ते आधीच कळलेलं होतं.

चालणं कसं वाढवायचं? पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं जायचं, पाच मिनिटं यायचं. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवायची. अर्धा तास झाला, तो आठवड्यातून तीन दिवस जमला आणि दोन दिवस हातापायांच्या ताकदीचे व्यायाम झाले की थकव्याला उतार पडायला लागतो. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. केमोनंतरचे पहिले काही दिवस वाईट जातात, तेव्हा अंगणातच फेऱ्या घालायच्या. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी सातनंतर बाहेर पडायचं नाही. पावसाळ्यात ओसरीवर.

आणि कधी चालायचं नाही, हेही सांगते. ताप असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, रक्त किंवा प्लेटलेट फार उतरल्या असतील, तर त्या दिवशी नाही. आजार हाडात गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. काही औषधांनी तळपाय बधिर होतात. त्यांनी अनवाणी चालू नये, काटा रुतलेला कळत नाही. सुरुवात करण्याआधी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारायचं, सगळ्यांनीच.

सोबत करणाऱ्यांसाठी माझ्याकडे फार थोडे नियम आहेत, पण ते मी कडक पाळते. औषधाबद्दल बोलायचं नाही. अमक्याच्या पाल्यानं तमक्याची गाठ गेली, हे तर तोंडातून काढायचंच नाही. तिचा आजार तिच्या घराबाहेर कोणाला सांगायचा नाही. 'मी जगले, तूही जगशील' असं वचन द्यायचं नाही, ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे उद्याची पहाट. आशाताईंना हाताशी धरा, कोणत्या घरात कोण आजारी आहे ते त्यांना ठाऊक असतं. बचत गटाची बैठक तशीही होते, तिथं दोन मिनिटं या गोष्टीला द्या. बार्शीला १९८७ पासून कर्करोगाची नोंदणी गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून चालवली गेली, तीही खेड्यांतच. खेड्यात हे जमत नाही असं मला कोणी सांगू नये.

एका गोष्टीबद्दल बोलायचं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. सोबत केली की कधी कधी सोबत सुटते. माझ्या मैत्रिणीचा आजार चौथ्या वर्षी उलटला. ती शेवटच्या महिन्यांत अंगणात चालायची, मग ओसरीवर, मग खाटेभोवती दोन फेऱ्या, पोरीचा हात धरून. घंटी तरी रोज यायची. शेवटी शेवटी तिची पोरगी वाजवायची, ती आत पडलेली असताना. एका पहाटे ती आली नाही. मी सहापर्यंत वाट पाहिली आणि फोन केला नाही. कळलं होतं.

मग मी तीन महिने चालले नाही. लोकांनी समजूत घातली, मी कोणाचं ऐकलं नाही. माझा हात पुन्हा जड व्हायला लागला. एक दिवस तिच्याच पोरीचा फोन आला. तिच्या गावातल्या एका बाईची शस्त्रक्रिया झाली होती, ती हात पोटाशी धरून बसली होती. पोरीनं विचारलं, "मावशी, ते भिंतीचं कसं करतात वो? मायनं मले शिकवलंच नाही." मी फोनवर शिकवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्या बाईला मी घंटी दिली. आज मी तिघींना देते. त्यातली एक इथून फार लांब नाही.

सोबत करणाऱ्याला हे सोसावं लागतं, म्हणून त्यालाही सोबत हवी. एका गावात दोघी असाव्यात, एकटी नको. कोणी गेलं तर दुसरीनं पहिलीला उठवायचं, पण लगेच नाही. तिला रडू द्यायचं.

आज माझा मुक्काम अनसिंगलाच आहे. उद्या पहाटे साडेपाचला मी शाळेच्या फाटकाशी उभी असेन आणि गाव उठायच्या आत वाशीमच्या रस्त्यानं दहा मिनिटं जाऊन परत येईन. ज्यांना यायचं त्यांनी यावं. आजार सांगायची गरज नाही, सोबत म्हणून आले म्हटलं तरी चालेल, घरचं कोणी घेऊन आलं तरी चालेल. पायात चप्पल घट्ट असू द्या. ज्यांच्या हाताला सूज आहे त्यांनी त्या हातातल्या बांगड्या काढून या. ज्यांना बाहेर पडायचं धाडस होत नाही त्यांनी आज जाताना माझा नंबर घ्या आणि उद्या अंगणात पहिली फेरी सुरू केलीत की एक घंटी द्या. मी उलटी घंटी देईन. फोन उचलू नका.